घरात कोणाला वाचाघात झाला तर त्यांच्याशी बोलायचं कसं

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही आम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर पहिले दोन महिने आमच्या हातून बाबांना जो त्रास झाला तो झाला नसता. वाचाघातात माणसाचे शब्द जातात, समज जातेच असं नाही. त्यांना चहा हवा की पाणी हे त्यांना पक्कं माहीत असतं, समोर बसलीय ती आपली नात आहे हेही माहीत असतं, फक्त "चहा" हा शब्द किंवा नातीचं नाव तोंडापर्यंत येत नाही. आपल्याला पण कधी कधी होतं ना, एखाद्याचं नाव अगदी ओठावर असतं आणि येत नाही, तसं ह्यांना दिवसभर, जवळजवळ प्रत्येक शब्दाला होतं.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबांचं गावात किराणा दुकान होतं, पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलण्यातच गेली त्यांची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सकाळी दात घासताना ब्रश उजव्या हातातून गळून पडला, तोंड एका बाजूला वाकलं, आणि आईने काय झालं विचारलं तर नुसतं "मग... मग..." एवढंच. मेंदूचा झटका होता तो, म्हणजे स्ट्रोक. पुढचे सहा आठवडे बाबांकडे हा एकच शब्द होता. मग.

(इथेच सांगून ठेवतो, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय गळणं, बोलणं अचानक अडखळणं किंवा असंबद्ध होणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी तेल चोळत, लिंबूपाणी पाजत बसू नका. गिळताना ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकतं. सरळ १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.)

आता हे होतं कसं ते थोडक्यात, कारण त्यावरून पुढे कसं वागायचं ते कळतं. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते, म्हणून खूपदा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम जातं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका म्हणून डॉक्टर होते, त्यांच्याकडे एक रुग्ण होता जो फक्त "तां" एवढंच बोलायचा पण त्याला बोललेलं बरंचसं कळायचं. तो गेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. मला हे वाचून एवढं बरं वाटलं ना, म्हणजे बाबांचं "मग" हे काही वेड नव्हतं, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं पण असंच होतं.

नंतर १८७४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल वेर्निके ह्यांनी दुसरा प्रकार सांगितला, त्यात इजा थोडी मागच्या भागात असते आणि माणूस भराभरा बोलतो, सूर ताल सगळा नेहमीचा, पण शब्दाला शब्दाचा मेळ नाही, आणि समोरचा काय बोलतो तेही त्याला नीट कळत नाही. आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत त्यांचं असं आहे, आणि घरचे आधी समजत होते की डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा आपल्या माणसाचा प्रकार कुठला ते स्पीच थेरपिस्टला नीट विचारून घ्या. बाबांसारखा असेल तर त्याला बोलायला वेळ द्यायचा. मावशींसारखा असेल तर आपण शब्द कमी वापरायचे आणि हातवारे, वस्तू, चेहरा जास्त वापरायचा, म्हणजे नुसतं "जेवायला चला" न म्हणता ताट दाखवून हाताने घास घेतल्यासारखं करायचं. खाली मी मुख्यतः बाबांसारख्यांबद्दल लिहितोय पण बरंच दोन्हीकडे चालेल.

बोलायच्या आधीची तयारी. टीव्ही बंद, मिक्सर बंद, मोबाइल बाजूला. साध्या माणसाला जो आवाज जाणवत पण नाही तो ह्यांचा धागा तोडतो. एका वेळी एकानेच बोलायचं, आमच्या घरात हे सगळ्यात कठीण गेलं कारण सगळ्यांनाच मदत करायची असते. समोर बसायचं, उजेडात, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, उभं राहून वरून बोलायचं नाही. आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, डाव्या मेंदूला इजा झाली की काहींना उजव्या बाजूचं दिसत नाही. डोळा चांगला असतो पण ती बाजूच दिसत नाही. मी महिनाभर बाबांच्या उजव्या हाताला बसून तो हात चोळत बोलायचो आणि मला वाटायचं ते माझ्याकडे बघत नाहीत म्हणजे रागावलेत. डाव्या बाजूला येऊन बसलो तर लगेच बघितलं. चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते आधी घाला. आणि ओरडू नका हो, कान ठीक असतात, ओरडलं की माणूस घाबरतो आणि असलेला शब्द पण जातो.

बोलताना वाक्य छोटं ठेवायचं, पण लहान मुलाशी बोलतो तसं लाडिक नाही. "बाबा, डॉक्टरकडे जायचंय. उद्या. सकाळी." असं तुकड्या तुकड्याने, मध्ये थांबून. विषय बदलताना सांगायचं, "आता दुकानाचं बोलतो". नाहीतर आपण औषधावरून दुकानावर उडी मारतो आणि ते अजून औषधातच असतात.

मग येतो हो-नाहीचा प्रश्न, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहितोय कारण बाकी सगळी इमारत ह्याच्यावर उभी आहे. सगळे सांगतात की हो-नाहीचे प्रश्न विचारा म्हणजे सोपं जाईल. बरोबर आहे, पण वाचाघातात "हो" आणि "नाही" ह्यांची पण अदलाबदल होते, मनात नाही असतं आणि तोंडातून किंवा मानेतून हो निघतं. वरून आपली ती मान डोलवायची सवय. आपण गोव्यात काय, महाराष्ट्रात काय, मान अशी डावी-उजवीकडे कलती करतो तिचा अर्थ हो पण असतो, बघू पण असतो, ठीक आहे पण असतो आणि ऐकतोय मी तू बोल असा पण असतो. धडधाकट माणसाची डोलती मान आपण चेहऱ्यावरून आणि शब्दांवरून ओळखतो, इथे शब्दच नाहीत. आई विचारायची भात वाढू का, बाबा मान डोलवायचे, आई वाढायची आणि ते ताट ढकलायचे, आणि दोघं पण रडवेली व्हायची.

तेव्हा मान सोडा, हाताची खूण ठरवा. आम्ही डाव्या हाताचा अंगठा वर म्हणजे हो, आणि पंजा आडवा हलवला म्हणजे नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे सांगून मोकळे झालो नाही, आठवडाभर आम्ही सगळ्यांनी पण बोलताना तीच खूण केली, मी आईला "हो" म्हणताना पण अंगठा दाखवायचो. मग तपासायचं. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असे चार-पाच प्रश्न, "आपण मुंबईला राहतो?" "हा पंखा आहे?" "मी तुमचा भाऊ?" उत्तरं बरोबर आली तर त्या दिवशी हो-नाहीवर भरवसा ठेवायचा. चुकली तर तेव्हा महत्त्वाचं काही विचारायचं नाही, वस्तू समोर ठेवून विचारायचं. आणि महत्त्वाची गोष्ट असली तर उलटी करून परत विचारायची. "छातीत दुखतंय?" हो. "छाती ठीक आहे?" आता जर नाही आलं तर खरं.

आता खुणा. आधी एक गैरसमज. आम्हाला कितीतरी जणांनी सांगितलं की मूकबधिरांची भाषा शिकवा बाबांना, हाताने बोलतील. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे, आणि सांकेतिक भाषा पण मेंदूत तिथेच डाव्या बाजूला राहते. जन्मापासून हाताने बोलणाऱ्या बहिऱ्या माणसाला डाव्या बाजूला झटका आला तर त्याचे हात हलत असूनही त्याची सांकेतिक भाषा बिघडते, हे १९८० च्या दशकात अभ्यासातून सिद्ध झालंय. म्हणजे नवीन भाषा शिकवणं हा उपाय नाही. उपाय म्हणजे घरातल्या दहा-बारा सुट्या खुणा, ज्या बघताक्षणी कळतील.

त्या कशा ठरवायच्या? आपण ठरवायच्या नाहीत, त्यांच्या हाताकडे बघत बसायचं. हातवारे हे बोलण्याच्या बरोबरच आतून येतात, जन्मांध मुलं सुद्धा बोलताना हातवारे करतात, समोर दुसरं आंधळं मूल असलं तरी करतात, १९९८ मध्ये नेचर ह्या नियतकालिकात हे छापून आलं होतं. ज्यांनी कधी कोणाचे हात बघितले नाहीत त्यांचे हात पण हलतात. तेव्हा बाबांचे हात पण काहीतरी सांगत असणारच, आम्हीच बघत नव्हतो.

हे मला चष्म्याच्या दिवशी कळलं. "मग" च्या पलीकडे पाच-सहा शब्द यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. बाबा म्हणाले "चमचा". मला एवढा आनंद झाला की धावत जाऊन चमचा आणला. त्यांनी ढकलला. "चमचा!" मी मोठा चमचा आणला. परत "चमचा, चमचा", चेहरा लाल. मी डाव आणला, तो त्यांनी भिरकावला आणि तोंड भिंतीकडे केलं. आई दारात उभी होती, ती म्हणाली, अरे त्यांचा हात बघ ना. त्यांचा डावा हात डोळ्यांपाशी होता. पूर्ण वेळ तिथेच होता. त्यांना चष्मा हवा होता, शेजारी पेपर पडला होता. चष्मा, चमचा, तोंडाने जवळचा शब्द उचलला पण हात बरोबर जागेवर होता. तेव्हापासून आमच्याकडे नियम, शब्द ऐकायचा पण विश्वास हातावर ठेवायचा. असे चुकीचे शब्द खूप येतात, पावाला भात, मुलीला बायको, काल ला उद्या. हसायचं नाही आणि सुधारायचं पण नाही, कळलं असेल तर पुढे जायचं.

सगळ्यात सुंदर खूण बाबांनी स्वतः केली. आमच्याकडे सकाळी पदेर येतो सायकलवर, तो भोंपू वाजवत येतो, दोनदा, पों पों. शब्द न बोलता सगळ्या वाड्याला कळतं की पाव आला. एक दिवस सकाळी बाबांनी डावी मूठ वर केली आणि दोनदा दाबली, भोंपूचा रबर दाबतात तशी. आईला लगेच कळलं. पोई, म्हणजे आमच्याकडचा एक पाव. मग त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन पोई. पस्तीस वर्षं दुकानाच्या दारात तो भोंपू ऐकलेला माणूस तो, "पोई" हा शब्द गेला पण भोंपू राहिला. म्हणून सांगतो, बाहेरच्या तक्त्यातल्या खुणा शिकवू नका, त्यांच्या आयुष्यातून ज्या येतील त्याच टिकतात.

आमच्या बाकीच्या खुणा अशा झाल्या. लघवीला करंगळी, ही तर शाळेपासून सगळ्यांना येते. आई म्हणजे कपाळाला बोट लावायचं, मी म्हणजे मिशी, माझी मुलगी म्हणजे खांद्यावरून वेणी. दुखतंय म्हणजे त्या जागेवर हात आणि मग बोटं, एक म्हणजे थोडं, पाच म्हणजे सहन होत नाही. पुरे म्हणजे पंजा समोर. "तसं नाही, वेगळं सांगतोय" ह्याला पण एक खूण हवीच हवी, आम्ही हवेत पुसल्यासारखं करतो, फळा पुसतात तसं. ही खूण नसेल तर माणूस चुकीच्या अर्थात अडकून पडतो आणि आपण खुशाल पुढे जातो. सगळ्या खुणा डाव्या हाताने, एका हाताने होतील अशाच, उजवा हात लुळा असतो हे विसरून आम्ही टाळीची खूण काढली होती ती दुसऱ्या दिवशी रद्द केली.

आणि एक, खूण "करून दाखवा" म्हटलं की होणार नाही कदाचित. बाबांना पाहुण्यांसमोर "टाटा करा बघू" म्हटलं तर हात हवेत गोंधळून थांबायचा, पण तोच पाहुणा निघाला की हात आपोआप हलायचा. हा हट्ट नाही, मुद्दाम केलेली आणि आपोआप होणारी हालचाल ह्यांचे मार्ग मेंदूत वेगळे असतात. तेव्हा परीक्षा घेऊ नका, प्रसंग येऊ द्या.

शब्द बाहेर काढायला मदत कशी करायची? पहिली मदत म्हणजे थांबणं. मी मनात दहा आकडे मोजतो. दहा आकडे म्हणजे किती लांब असतात ते बसून बघा एकदा, आपल्याला तिसऱ्यालाच तोंड घालावंसं वाटतं. पण सहाव्या-सातव्याला शब्द येतो कधी कधी आणि तो त्यांचा स्वतःचा असतो. नाही आला तर विचारायचं, मदत करू? अंगठा वर आला तरच करायची. मग दोन वस्तू समोर धरून निवड द्यायची, पेज की चहा, दोनच, पाच नाहीत. किंवा पहिला आवाज द्यायचा, "चs..." किंवा अर्धं वाक्य सोडायचं, "गरम गरम वाफाळलेला..." आणि गप्प बसायचं, पुढचा शब्द कधी कधी घसरून बाहेर येतो. "लिहून दाखवा" हे प्रत्येकाला जमतं असं नाही, कारण लिहिणं-वाचणं ही पण भाषाच, ती पण बिघडलेली असते, क ख ग ची पाटी दिली तर अजून गोंधळ होतो. चित्र काढायला मात्र जमतं काहींना. आणि कळलं नसेल तर कळल्यासारखं करू नका. त्यांना ते लगेच समजतं. सरळ म्हणायचं, "नाही कळलं बाबा, माझं चुकतंय, परत एकदा", आणि नाहीच जमलं तर "अर्ध्या तासाने परत बघू" आणि अर्ध्या तासाने खरंच परत बघायचं, विसरायचं नाही. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा जास्त जमतं, संध्याकाळी थकल्यावर असलेले शब्द पण जातात, ती काही अधोगती नाही, फक्त थकवा.

कुठल्या भाषेत बोलायचं हा आपल्याकडचा खास प्रश्न. बाबांचा जन्म १९५१ चा, गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं ते पोर्तुगीज शाळेत गेलेले, मग मराठी शाळा, घरात मराठी-कोंकणी, दुकानात कोंकणी, वाचायला मराठी पेपर. थेरपिस्टने आकडे म्हणायला सांगितले तर "एक" च्या पुढे गाडी जाईना, आणि अचानक "उं, दोइश, त्रेश, क्वात्रु, सिंकु" पाचपर्यंत धडाधड. आईने पण हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पाठ केलेल्या गोष्टी, आकडे, वार, स्तोत्रं, शिव्या सुद्धा, ह्या आपोआप येणाऱ्या भाषेत मोडतात आणि त्या खूपदा वाचतात. (शिव्या आल्या तर मनाला लावून घेऊ नका, ज्यांनी आयुष्यात कधी दिली नाही त्यांच्याही तोंडून येतात.) बहुभाषिक माणसांवर १८९५ मध्ये आल्बेर पित्र ह्या फ्रेंच डॉक्टरांनी लिहिलं होतं की आजाराच्या वेळी जी भाषा सगळ्यात वापरात असते ती आधी परत येते. नेहमीच तसं होतं असं नाही, खूपदा सगळ्या भाषा बरोबरीनेच हळूहळू सुधारतात. आम्ही एवढंच केलं की घरात जी आधी बोलत होतो तीच बोलत राहिलो, आणि उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी घेतलं. "उदक" म्हणाले तर उदक, "पाणी" म्हणाले तर पाणी. मराठीतच सांगा असा हट्ट धरायचा नाही.

आता आरतीचं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, झटक्यानंतर साडेचार महिन्यांनी, पहिल्या रात्री घरात आरतीला सगळे जमले. घुमट तुम्हाला माहीतच आहे, मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं, २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. घुमट, शामेळ आणि कांसाळं सुरू झालं आणि खुर्चीत बसलेल्या बाबांनी तोंड उघडलं आणि आरती म्हटली. शब्दासकट. पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. घुमट वाजवणारा माझा चुलतभाऊ वाजवता वाजवता रडत होता पण त्याने ताल सोडला नाही. आरती संपली, आईने विचारलं पाणी देऊ का, आणि बाबा म्हणाले, "मग... मग".

हे बघून लोकांना वाटतं की आवाज आहे म्हणजे बोलत का नाहीत, नाटक करतात. नाही हो. गाणं हे मेंदूच्या उजव्या बाजूच्या पण आधाराने चालतं, आणि पाठ झालेली आरती एक अखंड माळ असते, तिच्यातला एक मणी काढून वापरता येत नाही. पण ह्या माळेचा उपयोग होतो. १९७३ च्या सुमारास बॉस्टनमध्ये एक उपचारपद्धत निघाली, तिच्यात गरजेचं वाक्य सुरात म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा, मग हळूहळू सूर कमी करत नेहमीच्या बोलण्यावर यायचं. आम्ही थेरपिस्टला विचारून "पाणी दे" घेतलं, तीन अक्षरं, तीन ठोके, आरतीच्या चालीत, बाबांच्या डाव्या मांडीवर त्यांचा हात आणि वर माझा हात. रोज सकाळी पंधरा मिनिटं. पाच आठवडे लागले. प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, आणि थेरपिस्टला विचारूनच करा, पण त्यांना येणारं गाणं, भजन, नाट्यगीत जे असेल ते रोज बरोबर बसून म्हणा तरी, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि दिवसातून एकदा तरी माणसाला स्वतःचा आवाज अडखळल्याशिवाय ऐकू येतो.

पाहुणे. आपल्याकडे गावात माणूस आजारी पडला की सगळा वाडा बघायला येतो, आणि ते चांगलंच आहे, पण प्रत्येकजण येऊन मोठ्याने "म्हाका वळखता मरे?" विचारतो आणि नाव सांगायला लावतो. ओळखतात हो, सगळ्यांना ओळखतात, नावच तर येत नाही! आम्ही दारातच सांगायला लागलो, स्वतःचं नाव स्वतः सांगा, डाव्या बाजूला बसा, त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर तिसऱ्याशी बोलू नका, आणि गप्प बसायला लागलं तरी बसा. बाबांचे एक जुने मित्र आहेत, ते येतात, पत्ते काढतात, दोघं तास-दीड तास खेळतात, बोलणं शून्य. तो बाबांचा आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस असतो. कारण नसताना रडू येणं, हसू येणं हे पण झटक्यानंतर होतं, तेव्हा गडबडून जाऊ नका. मात्र माणूस दिवसेंदिवस गप्प, जेवण नको, झोप नाही असं असेल तर डॉक्टरला सांगा, झटक्यानंतर नैराश्य खूप जणांना येतं आणि शब्द नसल्यामुळे ते सांगता पण येत नाही.

मोबाइलचा उपयोग करा. बाजारातले छापील चित्रतक्ते आम्ही आणले होते, त्यातल्या सफरचंदाकडे बाबांनी ढुंकूनही बघितलं नाही. मग मुलीने घरातलेच फोटो काढले, त्यांचा स्टीलचा पेला, त्यांची लुंगी, बाथरूमचं दार, बांगडा, सुंगटं, सोलकढी, दुकान, देऊळ, घरातली प्रत्येक व्यक्ती, आणि एका वहीत मोठे करून चिकटवले, एका पानावर चारच. साध्या फोनवरचं बोलणं ह्यांना जड जातं कारण चेहरा आणि हात दोन्ही दिसत नाहीत, व्हिडिओ कॉल लावा.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खोटं, वर्षानुवर्षं थोडं थोडं येत राहतं. बाबांकडे आज साठ-सत्तर शब्द आहेत.

शेवटची गोष्ट, एक कागद. हा मी एका अनुभवानंतर केला. एका ठिकाणी तपासणीला नेलं होतं, मी गाडी लावून येईपर्यंत तिथल्या माणसाने बाबांना तीन-चार प्रश्न विचारले, उत्तर नाही म्हटल्यावर कागदावर "समजत नाही" असं लिहून टाकलं आणि पुढे सगळे त्यांच्याशी तसंच वागले, सुई टोचताना पण कोणी सांगितलं नाही. बाबा घरी येईपर्यंत गाडीत डोळे मिटून बसले होते. आता त्यांच्या खिशात मराठीत आणि इंग्रजीत एक लॅमिनेट केलेला कागद असतो, एक फ्रिजवर आणि एक आईच्या पिशवीत. तुम्ही पण करा, मजकूर साधारण असा:

"मला झटक्यामुळे वाचाघात झाला आहे. मला बोललेलं समजतं. कृपया हळू, छोट्या वाक्यात बोला आणि उत्तराला वेळ द्या. डाव्या बाजूने बोला. अंगठा वर म्हणजे हो, पंजा हलवला म्हणजे नाही, मान डोलवली तर धरू नका. करंगळी म्हणजे लघवी. हात दुखतं तिथे ठेवतो, बोटं म्हणजे किती दुखतं. काहीही करण्याआधी मला सांगा."

खाली घरच्या दोघांचे फोन नंबर, रक्तगट, चालू औषधं आणि तारीख. औषधं बदलली की कागद बदला. आमच्या कागदावर शेवटी मुलीने हाताने एक ओळ घातलीय, मूठ दोनदा दाबली म्हणजे पोई.